जोडीने उड्या मारणाऱ्यांनी सूट शिवायला टाकण्याआधी

“दोघांना सेम टू सेम शिवा.” स्कायडायव्हिंगच्या सूटसाठी आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी ऑर्डर हीच. कधी नवरा-बायको असतात, कधी दोन भाऊ, बऱ्याचदा एकत्र कोर्स केलेले मित्र. आकाशात हात धरायचे असतात, फोटोत जोडी उठून दिसायला हवी असते, म्हणून कापडही एक आणि फिटिंगही एक. मग दोन-चार उड्या झाल्या की त्यातला एक सूट परत येतो, “जरा सैल करून द्या” म्हणून. तेव्हा माप द्यायला येण्याआधी हा कागद दोघांनीही वाचावा.

पोटावर पडताना वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो, हे तुम्हाला कोर्समध्ये शिकवलेलं आहेच. नेमका किती, ते तुमचं वजन आणि वाऱ्याला अडणारं अंग यांच्या हिशेबावर ठरतं. तालमीत अंग कमावलेला ९५ किलोचा गडी आणि ५२ किलोची त्याची बायको घ्या. त्याचं वजन तिच्या जवळजवळ दुप्पट, पण वाऱ्यासमोर येणारं अंग काही दुप्पट नसतं. दोघांना एकाच कापडाचा, एकाच घट्टपणाचा सूट घातला, की तो खाली निघून जातो आणि ती वर राहते. ताशी फक्त १० किलोमीटरचा फरक धरला, तरी सेकंदाला पावणेतीन मीटर होतात. दहा सेकंदांत दोघांमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस मीटरचं अंतर पडतं. तेरा हजार फुटांवरून उडी मारली तरी हातात जेमतेम मिनिटभर असतो. तो सगळा एकमेकांना गाठण्यातच जातो.

आणि हा प्रश्न फक्त फोटोचा नाही. वर राहिलेला माणूस खालच्याला गाठायला झेपावतो आणि वेग आवरला नाही तर आदळतो. पॅराशूट उघडायच्या वेळी एक जण दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावर असेल तर ते त्याहून वाईट, कारण खालच्याचा वेग एकदम कमी होतो, वरच्याचा होत नाही.

म्हणून जोडीचे सूट आम्ही मुद्दाम वेगवेगळे शिवतो. वजनदार माणसाला पॉलिकॉटनचं, थोडं खरखरीत, वारा धरणारं कापड आणि बाह्या व पायात जास्त घेर. हलक्या माणसाला गुळगुळीत नायलॉन किंवा लायक्रा, अंगासरशी. घेर वाढवतानाही आम्ही तो पाठीच्या खालच्या भागात वाढवत नाही. मुख्य पॅराशूट ओढून बाहेर काढणाऱ्या छोट्या पायलट शूटचं हँडल तिथेच, कंटेनरच्या म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या पिशवीच्या तळाशी उजव्या हाताला असतं. सैल कापडाची घडी त्यावर आली तर ऐनवेळी हात हँडलऐवजी कापडावर पडेल. मुख्य पॅराशूट सोडायचं आणि राखीव उघडायचं अशा छातीवरच्या दोन्ही हँडलजवळही याच कारणाने चुण्या किंवा फुगीर खिसा ठेवत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. लोक छाती, कंबर, सीट, बाही सगळं व्यवस्थित लिहून पाठवतात आणि वजनाचा रकाना कोरा ठेवतात. किंवा एकाचं माप आज येतं आणि दुसऱ्याचं पंधरा दिवसांनी. शर्टाला हे चालतं, या सूटला नाही. घट्ट सूट सैल करायला शिवणीत जेवढं मार्जिन असतं तेवढंच कापड मिळतं. गुडघ्यावर कॉर्ड्युराचं जाड कापड आणि बाही-मांडीवर एकमेकांना धरायचे ग्रिपर बसले की ते उसवून पुन्हा बसवणं हे नवा सूट शिवण्यापेक्षा जास्त किचकट काम आहे. म्हणून आमचा नियम असा, की दोघांची मापं आणि दोघांची वजनं हातात आल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण ज्यांचा एक सूट दुसरीकडून परत शिवून घ्यावा लागलाय, त्यांना तो वाटत नाही. वजन सांगायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. ती कटिंग मास्तरांच्या पलीकडे जात नाही. तुमच्या मनगटावरच्या, उंची दाखवणाऱ्या डिजिटल अल्टिमीटरमध्ये आधीच्या उड्यांचा सरासरी वेग नोंदलेला असेल, तर तो नक्की आणा. वजनापेक्षाही तो आम्हाला जास्त उपयोगी पडतो.

सूटने सगळाच फरक भरून निघत नाही. उरलेला तुमच्या अंगाच्या ठेवणीने भरायचा: पोट पुढे काढून अंगाची कमान वाढवली की वेग वाढतो, अंग सपाट केलं की कमी होतो. फारच हलक्या व्यक्तीला शिशाचे छर्रे भरलेला वेट बेल्ट लागू शकतो. तोही आम्ही शिवून देतो. पण किती किलोचा, हे तुमच्या प्रशिक्षकांनी सांगितल्यावरच, कारण ते वजन पुढे पॅराशूटलाही पेलायचं असतं.

जोडी एकसारखी दिसायला हवी, ही हौस आम्हाला मान्य आहे आणि ती पूर्ण होते. रंग, पायपिंग, पाठीवरचं नाव सगळं एक ठेवू. फक्त पॉलिकॉटन आणि नायलॉन एकाच रंगात रंगवले तरी छटा किंचित वेगळी येते. म्हणून दोन्ही तुकडे दुकानाबाहेर उन्हात शेजारी धरून पसंत करा. ट्यूबलाइटखाली पसंत केलेला भगवा उन्हात दोन तऱ्हेचा दिसतो.

पहिलीच टँडेम उडी मारायला निघाला असाल तर सूट शिवू नका. तुम्ही प्रशिक्षकाला बांधलेले असता आणि वेग ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट आवरतं. तिथे मिळतो तो सूट पुरतो. कोर्स करणाऱ्यांनीही ए लायसन्सच्या, म्हणजे पहिल्या परवान्याच्या, २५ उड्या होईपर्यंत थांबलेलं बरं, तोवर अंगाची ठेवण बदलत असते. नऊवारीबद्दलही विचारणा होते. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा त्यांच्या मागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. नवख्यांसाठी तसलं काही आम्ही शिवत नाही. नऊवारीच्या काठासारखी पट्टी बाही-पायावर लावून मात्र देतो, आणि ती छान दिसते.

बाहेरगावच्यांनी मानेपासून आसनाखालून परत मानेपर्यंतचं गोल माप जरूर घ्यावं. ते कमी पडलं तर कमान करताना आसनात ओढ बसते. पावसाळ्यात उड्या बंद असतात, तेव्हा मापं दिलीत तर निवांत ट्रायल होते. दसऱ्यानंतर आमच्याकडे गर्दी असते. ट्रायलला उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात दोघांनी एकत्र या. पॅराशूटचा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचे पट्टे, मिळत असेल तर घेऊन या, सूटवर तो चढवूनच फिटिंग पक्कं करतो.