चंद्रकांता: पुस्तकात नसलेली जादू

पडक्या वाड्यात एक दगडी बगळा आहे. राजकन्या चंद्रकांता त्याच्याजवळ जाते, बगळा चोच उघडतो आणि तिला गिळून टाकतो. तिच्यामागून तिची सखी चपलाही त्याच्या पोटात गडप होते. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की ही जादू. पण १८८८ साली ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी लिहिणाऱ्या देवकीनंदन खत्रींनी बगळ्याच्या पोटात जादू ठेवलीच नव्हती. कळ आणि पुर्जे ठेवले होते. वाचकाला हे बऱ्याच उशिरा कळतं, आणि तोवर तो पान उलटत राहतो.

‘चंद्रकांता’ मालिका आणि कादंबरी यांच्यात फरक किती, असं कोणी विचारलं की बहुतेक जण पात्रांची यादी काढतात: हे पुस्तकात आहे, ते नाही. माझ्या मते मोठा फरक इथं, या बगळ्यात आहे. तो समजून घ्यायचा तर कादंबरीच्याही मागं जावं लागतं, लखनौपर्यंत.

तिथं ‘दास्तान-ए-अमीर हमजा’, म्हणजे अमीर हमजा या वीराच्या साहसकथा, तोंडी सांगणाऱ्यांची परंपरा होती. हे सांगणारे दास्तानगो रात्ररात्र गोष्ट लांबवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवल किशोर प्रेसनं हे सगळं छापायला घेतलं आणि हमजाच्या दास्तानीचे सेहेचाळीस जाडजूड खंड झाले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. त्याचं प्रकाशन १८८३ साली सुरू झालं. तिलिस्म म्हणजे मांत्रिकानं उभारलेली मायानगरी. ती ठरलेल्या माणसाकडूनच ठरलेल्या रीतीनं फुटते. आणि ऐयार म्हणजे वेषांतर, चोरी, हेरगिरी, थट्टा या सगळ्यांत मुरलेला माणूस. हमजाचा अमर ऐयार आपल्या झोळीत अख्खी दुनिया कोंबतो. मराठीत ऐयारला नेमका शब्द नाही. बहुरूपी म्हटलं तर जवळपास जातं आणि बहिर्जी नाईकांच्या दंतकथा आठवल्या तर आणखी जवळ.

खत्रींनी या दास्तानीतून दोन गोष्टी उचलल्या, ऐयार आणि तिलिस्म. तिसरी, म्हणजे जादू, मात्र तिथंच सोडली. ही निवड साधी वाटते, पण सगळी कादंबरी तिच्यावर उभी आहे. मांत्रिक नाही म्हटल्यावर तिलिस्म कोणीतरी बांधलेलं असणार. म्हणजे त्याला भुयारं हवीत, कुलपं हवीत, नकाशा हवा, गुपित लिहून ठेवलेलं पुस्तक हवं. ऐयाराला मंत्र येत नाही म्हटल्यावर त्याच्या बटव्यात रंग, आरसा, बेहोशीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा हवा. कमरेला दोराचा कमंद हवा. नायकाचा ऐयार तेजसिंह वेष बदलतो तेव्हा तो आडोशाला बसून, आरसा काढून, वेळ घेऊन बदलतो. प्रस्तावनेतच खत्री सांगतात की पूर्वी राजदरबारी असे ऐयार नोकरीला असत आणि सैन्याचं रक्त न सांडता, चलाखीनं लढाया मिटवत. ऐयाराला पकडलं तर कैद करायचं, जिवे मारायचं नाही, हा त्या जगाचा नियम.

हे सगळं त्यांच्या डोक्यात आलं कुठून? खत्रींचा जन्म १८६१चा, आजच्या बिहारमधला. पुढं ते काशीला आले आणि काशीनरेशांकडून त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. ठेकेदार माणूस दिवसेंदिवस जंगलात. आजूबाजूला विंध्याचे कडे, दऱ्या, झरे, पडके किल्ले. ठेका सुटला आणि ते लिहायला बसले. म्हणून कादंबरीतली नावं खरी आहेत. नौगढ आज उत्तर प्रदेशच्या चंदौली जिल्ह्यात आहे, विजयगढचा किल्ला सोनभद्रमध्ये, चुनारचा गंगेकाठी मिर्झापूर जिल्ह्यात. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, तिच्यावर डोळा असलेला वजिराचा मुलगा क्रूरसिंह आणि चुनारचा राजा शिवदत्त. क्रूरसिंह पळून शिवदत्ताच्या आश्रयाला जातो आणि तिथून पुढं वैर शिवदत्ताचंच होतं.

पुस्तक छोटं आहे, चार भागांचं. प्रकरणांना खत्री ‘बयान’ म्हणतात. दास्तानगोची सवय शब्दात तरी उरलीच. लोकांनी ते असं डोक्यावर घेतलं की खत्रींनी पुढच्या पिढीची गोष्ट सांगणारे ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग लिहिले आणि स्वतःचा लहरी प्रेस काढला. त्यानंतर ‘भूतनाथ’ सुरू केली, पण ती पुरी व्हायच्या आत १९१३ साली ते वारले. उरलेली त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून उर्दू लिपीत वाचणाऱ्या कित्येकांनी नागरी शिकून घेतली, असं सांगतात. ही नुसती प्रकाशकाची जाहिरात नव्हे. आचार्य रामचंद्र शुक्लांनी या कादंबऱ्यांना साहित्य म्हणून फारसा मान दिला नाही, पण हिंदीला वाचक मिळवून देण्यात खत्रींच्या तोडीचा दुसरा लेखक नाही, हे त्यांनीही आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात कबूल केलं.

जाता जाता आपल्याकडे पाहू. मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची लाट आधीच येऊन गेली होती. ‘मुक्तामाला’ १८६१ची, ‘मंजुघोषा’ १८६८ची. १८८८पर्यंत हरिभाऊ आपटे ‘मधली स्थिती’ लिहून मोकळे झाले होते. हिंदी वाचक तिलिस्मात शिरत होता तेव्हा मराठी कादंबरी पुण्यातल्या वाड्यांच्या माजघरात शिरत होती. ऐयार आपल्याकडे रुजला नाही, याचं हे एक कारण असावं.

खत्रींच्या हयातीतच वर्तमानपत्रांतून वाद झाला, की या गोष्टी संभवनीय आहेत का? ‘संतति’च्या शेवटी त्यांनी त्याला उत्तर दिलं आहे. त्याचा मथितार्थ असा: मी हे खरंखोटं तपासायला लिहिलेलं नाही, वाचताना कुतूहल वाढावं म्हणून लिहिलं. गंमत अशी की हे म्हणणारा माणूस पानोपानी खुलासे देत असतो. ‘संतति’त एक तिलिस्मी खंजीर आहे. तो विजेसारखा चमकतो आणि ज्याला लागेल तो बेशुद्ध पडतो. पण त्याच्या जोडीची अंगठी बोटात असेल तर काही होत नाही. होशरुबात असता तर मंत्रानं भारलेला खंजीर म्हणून गोष्ट पुढं गेली असती. खत्रींना ते पुरत नाही.

आता मालिका. नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झाली. शिखा स्वरूप चंद्रकांता, शाहबाज खान वीरेंद्रसिंह, पंकज धीर शिवदत्त. तोवर प्रेक्षकांचे डोळे ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांनी तयार केले होते. आकाशात बाणाला बाण भिडतो, अस्त्र सोडलं की पडद्यावर प्रकाश फाकतो, याची घराघरांत सवय झालेली. १९९३ पासून ‘रामायण’वाल्या सागरांची ‘अलिफ लैला’ जिन घेऊन आली होती. अशा प्रेक्षकासमोर रंगाची डबी उघडून बसलेला ऐयार किती टिकणार?

शिवाय एक अडचण आहे आणि ती कोणत्याही दिग्दर्शकाला चुकत नाही. कागदावर ऐयार कोणाचंही रूप घेऊ शकतो, कारण कागदावर चेहरा नसतो. लेखकानं ‘एक साधू आला’ लिहिलं की साधू आला. तो कोण हे दोनशे पानांनी सांगितलं तरी चालतं. खत्रींच्या सिद्धनाथ बाबाचं नेमकं हेच आहे, आणि कादंबरीत मधूनच अवतरणाऱ्या वनकन्येचंही. (पुस्तक वाचायचं असेल तर यापुढं विचारू नका.) पडद्यावर दोनच वाटा. त्याच नटाला दाढी लावली तर प्रेक्षक ओळखतो आणि पात्रं मूर्ख ठरतात. वेगळा नट घेतला तर रूप बदलल्याचं दाखवावं लागतं, आणि चेहरा क्षणात बदललेला दिसला की पाहणाऱ्याच्या लेखी ती जादूच. बटवा असो वा नसो.

दुसरी अडचण लांबीची. चार भागांच्या कादंबरीवर शंभराच्या वर भाग निघायचे तर गोष्ट वाढवावीच लागणार. तशी ती वाढली. विषकन्या आल्या, मुकेश खन्नांचा जांबाज आला, चमत्कार आले. मालिका कादंबरीवर अंशतःच बेतलेली होती आणि पुढं पुढं तो अंशही विरळ होत गेला. जे तिला खत्रींपासून तुटलेली म्हणतात त्यांच्याशी माझा वाद नाही.

पण दोन ठिकाणी मालिकेनं जे केलं ते मला पुस्तकाहून जास्त आवडतं. एक, अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह. पुस्तकातला क्रूरसिंह हा गोष्ट सुरू करून देणारा दुष्ट, एवढाच. मिश्रांनी त्याला राक्षसी भुवया दिल्या, ‘यक्कू’ हा पालुपदासारखा उद्गार दिला, आणि एक असा डौल दिला की तो आला की घरातलं पोरगंसुद्धा हातातला घास तसाच ठेवायचं. ‘यक्कू’ शोधायला पुस्तक उघडाल तर फसाल. दोन, बद्रीनाथ. पुस्तकात तो शिवदत्ताच्या ऐयारांपैकी एक, पुढं बाजू बदलून वीरेंद्रसिंहाकडे येणारा. मालिकेत ती भूमिका इरफान खाननं केली आणि तिला जोड म्हणून सोमनाथ हा भाऊही त्याच्याच वाट्याला आला. सोमनाथ खत्रींनी लिहिलेला नाही. तरी एकच चेहरा दोन माणसं होतो, ही युक्ती ऐयारीच्या जगाला शोभते. इथं पडद्याची अडचणच कामाला लावली आहे.

राहिली जादू. मालिकेनं ती घुसवली अशी तक्रार पुस्तकप्रेमी करतात. पण ती बाहेरून आली नव्हती. होशरुबात होतीच. खत्रींनी ती काढली आणि त्यानंतर शंभरेक वर्षांनी दूरदर्शननं परत ठेवली. मालिका पाहताना मला म्हणून खत्रींपेक्षा त्यांच्या आधीचा दास्तानगो जास्त आठवतो: गोष्ट संपवायची नाही, श्रोता उठता कामा नये, आणि अडलं की एक मांत्रिक आणायचा. निर्मात्यांनी हे जाणून केलं असेल असं नाही. दर रविवारी नवा भाग द्यायचा म्हटलं की लखनौच्या चौकातली गरज आणि मंडी हाऊसची, म्हणजे दिल्लीतल्या दूरदर्शनच्या मुख्यालयाची, गरज सारखीच होते.

१९९६ साली दूरदर्शननं मालिका बंद केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पुस्तकावर मात्र आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, ज्याला हवं त्यानं घ्यावं. २०१७ साली तर दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर एकाच वर्षी दोन चंद्रकांता अवतरल्या. मी दोन्हींचे काही भाग पाहिले आणि सोडून दिले. भव्य होत्या, पण बटवा उघडायला कोणाला सवड नव्हती.

सोनभद्रमधल्या विजयगढची ओळख आता ‘चंद्रकांताचा किल्ला’ अशीच करून देतात. किल्ला खरा, राजकन्या कागदावरची.