सोनाटा आकृतिबंध आणि व्हॉइस लीडिंग

सोनाटा आकृतिबंध ही पाश्चात्त्य वाद्यसंगीतातील रचनापद्धती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हायडन व मोत्सार्ट आणि त्यांच्या पाठोपाठ बेथोव्हन यांच्या हातून ती परिपक्व झाली. सोनाटा, सिम्फनी, स्ट्रिंग क्वार्टेट यांचा पहिला भाग बहुधा याच पद्धतीने बांधलेला असतो.

प्रस्तुती, विस्तार आणि पुनःप्रस्तुती असे तिचे तीन टप्पे सांगतात. पण टप्प्यांपेक्षा षड्जाचा प्रवास महत्त्वाचा. प्रस्तुतीत संगीत मूळ षड्ज सोडते आणि पंचमालाच नवा षड्ज मानून तिथे स्थिरावते (कोमल गंधाराच्या मायनर सप्तकातील रचना बहुधा रिलेटिव्ह मेजरकडे, म्हणजे तेच स्वर असलेल्या शुद्ध गंधाराच्या मेजर सप्तकाकडे वळते). परक्या षड्जावर वाजलेले ते सारे पुनःप्रस्तुतीत मूळ षड्जावर आणले जाते. हिंदुस्थानी मैफलीत षड्ज अखेरपर्यंत अढळ राहतो. त्यावर वाढलेल्या कानाला हे स्थलांतर ओळखण्यासाठी थोडा सराव लागतो. दोन भिन्न धुना हव्यातच, असा मात्र दंडक नाही. हायडन अनेकदा एकाच धुनेवर भागवतो.

हा प्रवास घडतो तो व्हॉइस लीडिंगमुळे, म्हणजे कॉर्डमधील (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटातील) प्रत्येक स्वर पुढच्या कॉर्डमध्ये कुठे जातो त्यामुळे. मोत्सार्टच्या सी मेजर पियानो सोनाटाचे (के. ५४५, म्हणजे मोत्सार्टच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक; १७८८) पहिले चार बार, म्हणजे तालाचे समान खंड पाहा. इथे सी हा षड्ज, ई गंधार, एफ मध्यम, जी पंचम आणि बी निषाद. दुसऱ्या बारमध्ये उजव्या हातातला बी वर सीकडे सरकतो आणि डाव्या हातातला एफ खाली ईवर उतरतो. चौथ्या बारमध्ये अदलाबदल होते : बी बासमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या आवाजात जातो, एफ धुनेत येतो. तरीही बी वरच चढतो, एफ खालीच उतरतो. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या रचनेतली ही सफाई थक्क करणारी आहे.

१२व्या बारमध्ये संगीत जी कॉर्डवर थांबते. ही सी मेजरची डॉमिनंट, म्हणजे पंचमावरची कॉर्ड. तिने सीवर परतावे अशी अपेक्षा असते. पण १४व्या बारपासून दुसरी धून जी मेजरमध्येच सुरू होते. पुनःप्रस्तुतीतही थांबा त्याच जी कॉर्डवर येतो आणि यावेळी दुसरी धून सी मेजरमध्ये वाजते. कॉर्ड तीच, अर्थ वेगळा. कागदावर सहज निसटणारी ही गोष्ट कानाला मात्र लख्ख कळते.

संगीतसिद्धांतकार हाइनरिक शेंकर (१८६८–१९३५) याने अशा चलनांमागे एक दीर्घ उतरती स्वररेषा दाखवली. ती डॉमिनंटवर खंडित होते आणि पुनःप्रस्तुतीत नव्याने सुरू होऊन षड्जावर पोचते. या दृष्टीने दूरदूरचे स्वर एका सूत्रात दिसतात, हे तिचे मोठे बळ. धुनांचे वेगळेपण मात्र तिच्यात फिके पडते. शिवाय के. ५४५मध्ये पुनःप्रस्तुती मूळ षड्जावर सुरूच होत नाही. ४२व्या बारमध्ये पहिली धून परतते ती एफ मेजरमध्ये, आणि सी मेजर पक्के होते ते ५९व्या बारमध्ये, दुसऱ्या धुनेबरोबर. खंडित रेषा पुन्हा नेमकी कुठे सुरू झाली मानायची, हा प्रश्न या १७ बारांतच अडकलेला आहे.