रिकव्हरी पेनड्राइव्हची पार्श्वभूमी : फ्लॉपीपासून यूएसबीपर्यंत

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम पार कोलमडली आणि ती नव्याने बसवायची वेळ आली, की पहिली अडचण अशी येते की दुरुस्तीचे काम ज्या सिस्टीमकडून करून घ्यायचे तीच चालू होत नाही. त्यामुळे मूळ डिस्क बाजूला ठेवून दुसऱ्या कुठून तरी संगणक सुरू करता येणे, ही सोय पर्सनल संगणकाच्या पहिल्या दिवसापासून लागत आली आहे. आज ती सोय बहुतेकांना स्वतःच करून ठेवावी लागते, कारण नव्या यंत्रासोबत सहसा कोणतीही डिस्क येत नाही. पूर्वी विक्रेत्याकडे असलेली ही जबाबदारी वापरणाऱ्याकडे कशी सरकत गेली, हे पाहिले की यूएसबी रिकव्हरी ड्राइव्ह करताना समोर येणाऱ्या पर्यायांचा आणि अटींचा अर्थही उलगडतो.

आयबीएमचा पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हती. डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टीम फ्लॉपीवर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या चुंबकीय चकतीवर, असे, आणि सिस्टीम बिघडली तर दुसरी फ्लॉपी घालून काम पुढे चालू करता येई. १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटीला १० मेगाबाइटची हार्ड डिस्क मिळाली, परंतु बायोसने (संगणक चालू होताच सर्वप्रथम चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामने) आधी फ्लॉपी तपासायची आणि ती नसेल तरच हार्ड डिस्ककडे वळायचे, हा क्रम कायम राहिला. बायोस डिस्कवरचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, स्मृतीत उचलून घेई आणि पुढचा सगळा कारभार त्या बाइट्सच्या हाती सोपवी. ते बाइट कोणी लिहिले, याची विचारपूस तो करत नसे. या भाबडेपणामुळेच बचावाची फ्लॉपी कोणत्याही यंत्रात चालत असे, आणि त्याच भाबडेपणाचा फायदा घेऊन १९८६ मधील ‘ब्रेन’ हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे याच पहिल्या सेक्टरमध्ये, घर करून यंत्रायंत्रांत पसरला. बाहेरून सुरू होण्याच्या सोयीला जोडून आलेला हा धोका पुढे चाळीस वर्षे या विषयाची पाठ सोडत नाही.

डॉसच्या काळात बूट फ्लॉपी, म्हणजे संगणक सुरू करणारी फ्लॉपी, तयार करणे ही एका ओळीची आज्ञा होती. विंडोजचा पसारा वाढला तसे ते अवघड होत गेले. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतल्यास तेरा फ्लॉपींचा संच मिळे, आणि त्या फ्लॉपीही नेहमीच्या १.४४ मेगाबाइटऐवजी सुमारे १.६८ मेगाबाइट मावतील अशा खास पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असत. सीडीवर सगळे एकत्र मावत होते, पण त्या वेळच्या अनेक यंत्रांना सीडीवरून थेट सुरू होता येत नसे. आधी फ्लॉपी घालायची, तिच्यावरचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) सीडी ओळखणार आणि मगच विंडोज बसवायला सुरुवात, असा द्राविडी प्राणायाम होता. विंडोज ९८ च्या स्टार्टअप डिस्कमध्ये निरनिराळ्या सीडी ड्राइव्हना चालतील असे सर्वसाधारण ड्रायव्हर दिले होते, आणि एका फ्लॉपीत न मावणारी दुरुस्तीची साधने दाबून भरलेल्या एका फाइलमधून सुरुवातीलाच रॅममधील, म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील, तात्पुरत्या डिस्कवर उलगडली जात. हे तंत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण यूएसबीवरून विंडोज बसवण्याचा मार्ग पुढे त्याच कल्पनेने मोकळा केला.

सीडीवरून थेट सुरू होण्याचा प्रश्न ‘एल टोरिटो’ या तपशीलपत्राने सोडवला. फिनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यातली एक युक्ती अशी होती की सीडीवर फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा ठेवायची आणि बायोसने ती प्रतिमा म्हणजे खरीखुरी ए ड्राइव्ह, अर्थात फ्लॉपी, आहे असे समजून चालायचे. जुन्या सवयीच्या यंत्राकडून नवे काम करून घ्यायचे असेल, तर नव्या माध्यमाने जुन्याचे सोंग घ्यायचे, हा मार्ग या क्षेत्रात पुन्हा पुन्हा अवलंबलेला दिसतो. त्यानंतरची काही वर्षे वापरणाऱ्यांसाठी सर्वांत सोयीची होती, असे माझे मत आहे: यंत्राच्या खोक्यातच सीडी असे आणि ती घातली की काम सुरू होई.

ही सोय हळूहळू काढून घेतली गेली. उत्पादकांनी छापील सीडी देण्याऐवजी हार्ड डिस्कचाच एक भाग राखून त्यात मूळ सिस्टीमची प्रत ठेवायला सुरुवात केली, आणि ज्याला हवी असेल त्याने त्यावरून आपल्या डिस्क लिहून घ्याव्यात असा एक प्रोग्राम सोबत दिला. बहुतेकांनी तो प्रोग्राम कधी उघडलाच नाही. साधी चूक किंवा व्हायरस निस्तरायला हा रिकव्हरी विभाग उत्तम आहे, परंतु तो मूळ सिस्टीमच्याच डिस्कवर असल्याने ती डिस्क निकामी झाली की बिघाड आणि उपाय दोन्ही एकदमच जातात. बचावाचे साधन यंत्राबाहेर असले पाहिजे, हे जुने तत्त्व काटकसरीपायी मागे पडले.

दरम्यान यूएसबी आली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये निघाली, आणि २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राइव्ह’ व इस्रायलच्या एम-सिस्टीम्सने घडवलेला, आयबीएमने विकलेला ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. डिस्कऑनकीत ८ मेगाबाइट मावत; फ्लॉपीपेक्षा ते पाचपट असले, तरी विंडोजच्या सीडीपुढे नगण्य. शिवाय त्या वेळच्या बायोसला फ्लॉपी, हार्ड डिस्क, सीडी आणि फार तर झिप ड्राइव्ह (जास्त क्षमतेच्या फ्लॉपीसारखे माध्यम) एवढेच ठाऊक होते. म्हणून पेनड्राइव्हनेही सोंग घेतले. अनेक यंत्रांच्या बायोसमध्ये यूएसबी-एफडीडी (फ्लॉपी), यूएसबी-झिप आणि यूएसबी-एचडीडी (हार्ड डिस्क) असे तीन वेगळे पर्याय दिसत, आणि पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने तयार केला असेल तोच पर्याय निवडावा लागे. तोच पेनड्राइव्ह एका यंत्रात चाले आणि दुसऱ्यात मुकाट पडून राही, यामागे हे कारण होते.

विंडोज एक्सपी पेनड्राइव्हवरून बसवणे जवळपास अशक्य होते, याचे कारण आणखी खोलात आहे. सुरुवातीच्या फाइल्स बायोसच्या मदतीने पेनड्राइव्हवरून वाचल्या जात, पण एक्सपीचा गाभा चालू होताच तो यूएसबीचा ताबा स्वतःकडे घेई आणि ज्या माध्यमावरून आपण सुरू झालो त्याच्याशीच त्याचा संपर्क तुटे. परिणामी निळा पडदा येऊन सगळे थांबे. ग्राहकांसाठी जानेवारी २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने ही रचना बदलली. तिच्या इन्स्टॉलेशनसाठी विंडोज पीई नावाची छोटी विंडोज आधी संपूर्णपणे रॅममध्ये उतरवली जाते, ती चालू झाल्यावर यूएसबीचे ड्रायव्हर निवांत जागे होतात आणि मग एकाच प्रतिमा-फाइलमधून सगळी सिस्टीम डिस्कवर उलगडली जाते. विंडोज ९८ च्या फ्लॉपीवर जे लहान प्रमाणात घडत होते, ते इथे पूर्णत्वाला गेले. लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात मात्र लोक याआधीच पुढे गेले होते. सिसलिनक्ससारखे बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम) आणि नॉपिक्ससारख्या थेट सीडीवरून चालणाऱ्या प्रणाली यांमुळे अख्खी सिस्टीम बाहेरच्या माध्यमावरून चालवणे तिथे अंगवळणी पडले होते.

गरज भासवली ती सीडी ड्राइव्हच नसलेल्या यंत्रांनी. आसूसचा ईई पीसी २००७ मध्ये आला, मॅकबुक एअर जानेवारी २००८ मध्ये. आणि ऑक्टोबर २०१० च्या मॅकबुक एअरसोबत ॲपलने सिस्टीम पुन्हा बसवण्यासाठी एक छोटा यूएसबी ड्राइव्हच दिला. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ बरोबर, ऑक्टोबर २००९ मध्ये, डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (डिस्कची संपूर्ण प्रत) पेनड्राइव्हवर उतरवणारे अधिकृत साधन दिले. या साधनात जीपीएल परवान्याखालचा (मूळ कोडही खुला ठेवण्याची अट असलेला) मुक्तस्रोत कोड ती अट न पाळता वापरल्याचे पुढच्याच महिन्यात उघड झाले. कंपनीने साधन मागे घेतले, चूक मान्य केली आणि डिसेंबरमध्ये ते मूळ कोडसह जीपीएलखालीच पुन्हा प्रसिद्ध केले. अशी साधने प्रामुख्याने मुक्तस्रोत समुदायात घडली होती आणि मोठ्या कंपनीलाही तिथलाच आधार घ्यावा लागला, याची ही ठळक नोंद आहे. पीट बटार्ड यांचे ‘रूफस’ हे असेच साधन २०११ च्या अखेरीस आले आणि आजही असंख्य लोक त्यावरच विसंबून असतात.

आज ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ म्हणून जे ओळखले जाते, ते विंडोजमध्ये ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ पासून रुळले. हा ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूल या साधनाने केलेला इन्स्टॉलेशन ड्राइव्ह यांची गल्लत सर्रास होते. इन्स्टॉलेशन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टची कोरी विंडोज असते आणि तो किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज असलेल्या कोणत्याही चालू संगणकावरून करता येतो. रिकव्हरी ड्राइव्ह त्या विशिष्ट यंत्रावरून तयार होतो आणि त्यात त्या यंत्राचे ड्रायव्हरही येतात, पण त्यासाठी पहिल्याच चौकटीतील ‘सिस्टीम फाइल्सची प्रत घ्या’ या पर्यायावर खूण असावी लागते. ती खूण काढली तर ड्राइव्ह झटपट तयार होतो, त्यावर दुरुस्तीची साधने येतात आणि विंडोज मात्र नसते. दोन्ही प्रकारांत पेनड्राइव्हवरचा आधीचा मजकूर पुसला जातो, आणि वैयक्तिक फाइल्स कशातच जात नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

बायोसची जागा यूईएफआय या नव्या प्रोग्रामने घेतल्यावर सोंगांची गरज संपली. पेनड्राइव्हच्या फॅट३२ (फाइल्स मांडण्याची एक जुनी पद्धत) विभागात ठरावीक फोल्डरमध्ये ठरावीक नावाची बूट फाइल असली, की यंत्र ती थेट चालवते. मात्र फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, आणि विंडोजची मुख्य प्रतिमा-फाइल ही मर्यादा ओलांडू लागली. म्हणून ती जास्त दाबून भरावी लागते, तुकडे करावे लागतात, किंवा रूफस करते तसे एनटीएफएस या नव्या मांडणीच्या विभागाला जोडून एक चिमुकला वेगळा बूट विभाग ठेवावा लागतो. आयएसओमधल्या फाइल्स नुसत्या ओढून टाकल्या तर अनेकदा काम का होत नाही, याचे उत्तर या मर्यादेत आहे.

विंडोज ८ च्या काळातच सिक्युअर बूट आले आणि ‘ब्रेन’पासून उघडे असलेले दार बंद करण्याचा प्रयत्न झाला: ज्या बूट फाइलवर विश्वासू स्वाक्षरी नाही, ती यंत्र चालवत नाही. २०२३ मध्ये ‘ब्लॅकलोटस’ या बूटकिटने (सिस्टीमच्याही आधी चालू होणाऱ्या घातक प्रोग्रामने) जुन्या, पण वैध स्वाक्षरीच्या सदोष बूट फाइलचा आधार घेऊन हे संरक्षण भेदले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला जुन्या बूट फाइल्सवरचा विश्वास काढून घेण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. ही बंदी लागू झालेल्या यंत्रावर पूर्वी केलेला रिकव्हरी ड्राइव्ह सुरूच होत नाही.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. इंटरनेट आणि दूरस्थ व्यवस्थापन यांच्या युगातही उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने विंडोज पीईवर आधारित यूएसबी साधनच दिले, आणि ते घेऊन कर्मचाऱ्यांना एकेका यंत्रापाशी जावे लागले. जिथे बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) होते तिथे त्याची रिकव्हरी की नसेल तर काम अडे. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ अपडेटनंतर डिस्कवरच्या रिकव्हरी विभागात यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले, म्हणजे दुरुस्तीचा मेनू दिसे पण त्यातले काहीच निवडता येत नसे. २० ऑक्टोबरच्या तातडीच्या अपडेटने तो दोष दूर केला. त्या आठवड्यात सिस्टीम कोसळली असती, तर आधीच करून ठेवलेला बाहेरचा ड्राइव्ह हा एक मार्ग उरत होता. रिकव्हरी ड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने करावा, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे.