ट्रॅक डेला गाडी नेताय? टायर घेण्याआधी एवढं वाचा

ट्रॅक डे म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर नेऊन चालवायचा दिवस. त्यासाठी आमच्या टायरच्या दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ट्रॅकवर जायचंय, सगळ्यात जास्त ग्रिपवाला टायर कुठला? आणि आम्ही उलट विचारतो की गाडी तिथपर्यंत जाणार कशी, फ्लॅटबेडवर की चालवत? कारण पुण्याहून कोइम्बतूरचा कारी ट्रॅक घ्या नाहीतर चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा, दोन्ही बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर त्याहून लांब. म्हणजे ज्या टायरवर तुम्ही वीस-वीस मिनिटांची चार सेशन मारणार, त्याच टायरवर खंबाटकीपासून पुढचा सगळा हायवे, खड्डे, मध्येच गाठणारा पाऊस आणि रविवारी रात्री दमून घरी येणं हे सगळं असतं. टायर निवडताना लोक फक्त लॅप टाइमचा विचार करतात, हा परतीचा रस्ता कोणाच्या डोक्यात नसतो.

म्हणून स्पष्ट सांगतो, आम्ही टायर विकतो तरी सांगतो, पहिल्या ट्रॅक डेसाठी नवीन टायर घेऊ नका. गाडीला आहेत ते चांगल्या कंपनीचे असतील, फार जुने नसतील, कुठे फुगा किंवा कट नसेल तर त्यावरच जा. साधा रोड टायर ग्रिप सोडायच्या आधी ओरडतो, हळूहळू घसरतो, तुम्हाला सावरायला वेळ देतो. सेमी स्लिक, म्हणजे अगदी कमी नक्षीचा मऊ ट्रॅक टायर, पुष्कळ वेळ धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा बऱ्याचदा एकदम सोडतो, तेही जास्त स्पीडला, आणि नवीन माणसाला ते सावरता येत नाही. शिवाय ग्रिप वाढली की ब्रेक, बेअरिंग, सस्पेंशन सगळ्यावर लोड वाढतो, मग साधं ब्रेक ऑइल उकळून पेडल खाली जातं आणि दोष टायरला मिळतो. आधी ब्रेक फ्लुइड आणि पॅडवर पैसे घाला, मग टायरवर.

आता आहेत ते टायर चालतील का, हे कसं ओळखायचं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूला, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, 2324 म्हणजे 2024 सालातला 23 वा आठवडा. गाडी कमी फिरली म्हणून नक्षी भरपूर दिसते, पण पाच-सहा वर्षांत रबर कडक झालेलं असतं, असा टायर दिसायला नवा आणि ट्रॅकवर लाकडासारखा. असे टायर आमच्याकडे बरेच येतात, विशेषतः वीकेंडला बाहेर काढायच्या गाड्यांचे, आणि मालकाला पटवणं अवघड जातं कारण नक्षी खरंच शिल्लक असते. दुसरं म्हणजे स्पीड रेटिंग. समजा 225/45 आर17 91 डब्ल्यू लिहिलंय, तर 91 म्हणजे एका टायरला 615 किलो आणि डब्ल्यू म्हणजे 270 चा स्पीड, व्ही म्हणजे 240, एच म्हणजे 210. बुद्धची सरळ पट्टी एक किलोमीटरच्या वर आहे, ताकदीच्या गाडीला तिथे एच रेटिंग अपुरं पडतं, त्यामुळे साइज बसतोय म्हणून स्वस्तातला टायर टाकला असं करू नका.

नक्षीबद्दल एक उलटी गोष्ट. नव्या टायरला साधारण 8 मिमी नक्षी असते, आणि कोरड्या ट्रॅकवर हे उंच ब्लॉक हलतात, तापतात आणि कडेने त्यांचे तुकडे निघतात. 4-5 मिमी उरलेला, पण वयाने ताजा टायर कोरड्यात जास्त चांगला चालतो. गोटा झालेला मात्र नाही, कायद्याने 1.6 मिमी ही शेवटची हद्द आहे आणि घरी परत यायचंय तर आम्ही 3 च्या खाली पाठवत नाही.

ट्रेडवेअरचा आकडा

दोन-तीन ट्रॅक डे झाले, हात बसला, आता खरंच चांगला टायर पाहिजे, तर ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकतो याचा आकडा बघायचा. आकडा कमी तितकं रबर मऊ आणि झीज जास्त, असा ढोबळ अर्थ. मिशलिनच्या पायलट स्पोर्ट 4 ला 320 आहे, योकोहामा अ‍ॅडव्हान ए052 किंवा ब्रिजस्टोनच्या पोटेंझा आरई-71आरएसला 200, टोयोच्या आर888आरला 100. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचा 200 आणि दुसरीचा 200 सारखाच निघेल असं नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची तुलना करायला तो जास्त कामाचा.

मऊ टायरला गरम होणं झेपत नाही तेव्हा काय होतं हे आपल्याच देशात दिसलंय. 2013 च्या इंडियन ग्रांप्रीत बुद्धवर फॉर्म्युला वन ड्रायव्हर सेबास्टियन व्हेटेलने सॉफ्ट टायरवर रेस सुरू केली आणि दुसऱ्याच लॅपनंतर पिटमध्ये येऊन ते काढून टाकले, त्याहून कडक मिडियमवर गेला आणि रेस आणि चौथं वर्ल्ड टायटल दोन्ही जिंकला. आपल्या उन्हात मऊ म्हणजे चांगला हे समीकरण चालत नाही.

आमचं मत विचाराल तर वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे करणाऱ्याला 300 च्या आसपासचा परफॉर्मन्स रोड टायर पुरतो, पावसातही भरवशाचा आणि ट्रॅकवर शिकायलाही उत्तम. 200 वाला घ्यायचा तर वेगळ्या रिमचा सेट करा आणि ट्रॅकवर जाऊनच चढवा. सीट पाडून चार चाकं बऱ्याच हॅचबॅकमध्ये मावतात, सोबत चांगला जॅक आणि टॉर्क रेंच ठेवा. चेन्नईकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस असतो, सेमी स्लिकला पाणी बाहेर टाकायला फारशी नक्षीच नसते, अशा वेळी रोड टायर सोबत असलेला माणूस सुखी. आणि 2020 पासून टायर इम्पोर्टला लायसन्स लागतं, त्यामुळे हव्या त्या साइजचा सेमी स्लिक मागितला की लगेच मिळेल असं नाही, मिळाला तर आयएसआय मार्क आणि डीओटी बघून घ्या. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर, असतील तर आधी बोला, ते जड आणि कडक असतात, ट्रॅकसाठी आम्ही बदलायला सांगतो.

हवा, हवा आणि हवा

फुकटातला सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. टायर 10 डिग्रीने तापला की साधारण दीड पीएसआय हवा वाढते, म्हणजे सकाळी 33 भरून गेलात तर दोन-चार लॅपनंतर 40 च्या पुढे, टायर मधोमध फुगतो आणि गाडी बर्फावर असल्यासारखी. सकाळी गार असताना 28-29 ला सुरू करा, पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच गेज लावा आणि बहुतेक रोड गाड्यांना गरम असताना 34-35 येईल इतकी काढा. चारही टायरची वेगवेगळी येईल, ते बरोबरच आहे, जो जास्त राबला त्याची जास्त वाढते. नायट्रोजनने हे थांबत नाही, तोही तापला की वाढतोच, फक्त त्यात ओलावा नसतो. अजून एक, साइडवॉलच्या वरच्या कडेला खडूची रेघ ओढा. रेघ टायरच्या कडेवर असलेल्या छोट्या त्रिकोणाच्या खुणेच्या खूप खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, त्रिकोणापर्यंत पोचलीच नाही तर जास्त. टायर बाहेरून खात असेल आणि हवा बरोबर असेल तर प्रश्न कॅम्बरचा, म्हणजे चाक आत-बाहेर किती झुकलंय याचा आहे, अलाइनमेंटला या.

आणि संध्याकाळी हायवेला लागायच्या आधी, टायर गार झाल्यावर, दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तितकी हवा परत भरा. हे विसरून 24-25 वर भरलेल्या गाडीने हजार किलोमीटर येणं ट्रॅकपेक्षा धोक्याचं आहे, कृपया हे विसरू नका.

नवीन टायर टाकायचेच असतील तर आदल्या दिवशी येऊ नका, निदान दोन आठवडे आधी या, दोन-तीनशे किलोमीटर आरामात फिरवून मग ट्रॅकवर न्या, आणि तिथेही पहिलं सेशन हळू. येताना कुठल्या ट्रॅकला आणि कुठल्या महिन्यात जाणार ते सांगा, कारी छोटा आणि वळणांचा म्हणून तिथे टायरला श्वास घ्यायला वेळ नाही, बुद्धवर स्पीड जास्त, त्याप्रमाणे आम्ही हवेचे आकडे कागदावर लिहून देतो. ट्रॅकवरून आल्यावर टायर दाखवून जा, आतली बाजू जॅकवर घेऊन बघतो, त्याचे पैसे घेत नाही.