व्हेटरिनरी, व्हेटरन आणि पशुवैद्यकातील संज्ञा

जनावरांचे रोग, त्यांवरील उपचार आणि त्या उपचारांची विद्या यांच्याशी संबंधित गोष्टींना ‘व्हेटरिनरी’ हे विशेषण लावले जाते, तर दीर्घ सेवा केलेल्या सैनिकाला आणि पुढे कोणत्याही क्षेत्रातील मुरलेल्या माणसाला ‘व्हेटरन’ म्हणतात. दोन्ही शब्द इंग्रजीतून मराठीत आले. कोकणपट्टीत सरकारी पाटीवर ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ असे लिहिलेले असले, तरी बोलण्यात तो ‘गुरांचा दवाखाना’ असतो आणि तेथे बसणारे ‘गुरांचे डॉक्टर’ असतात. सरकारी हुद्दा मात्र ‘पशुधन विकास अधिकारी’ असा आहे. या दोन शब्दांपैकी ‘व्हेटरन’चे मूळ निश्चित आहे, ‘व्हेटरिनरी’च्या मुळाविषयी दोन मते आहेत, आणि दोन्ही मतांचे धागे मराठीतील रोजच्या शब्दांपर्यंत येऊन पोहोचतात.

लॅटिनमध्ये ‘व्हेटुस’ म्हणजे जुना, वयाने वाढलेला. त्यापासून ‘व्हेटेरानुस’ हा शब्द झाला आणि रोमन सैन्यात ठरलेली वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला तो लावला जाई. ‘व्हेटुस’चा संबंध ‘वर्ष’ या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाशी जोडला जातो. ग्रीक ‘एतोस’ (वर्ष), संस्कृत ‘वत्सर’ व ‘संवत्सर’ आणि लॅटिन ‘व्हितुलुस’ (वासरू) हे त्याच कुळातले. संस्कृत ‘वत्स’ शब्दाचा मूळ अर्थही वर्षभराचे पिल्लू असा मानतात, आणि ‘वत्सरूप’ यातून मराठी ‘वासरू’ आले. कोकणीत गेल्या वर्षाला ‘पोरू’ म्हणतात; तो संस्कृत ‘परुत्’चा वंशज असून त्याच्या अखेरच्या वर्णांत हाच वर्षवाचक शब्द शिल्लक आहे.

ओझी वाहणाऱ्या जनावरांना लॅटिनमध्ये ‘व्हेटेरिने’ अशी संज्ञा होती. पहिल्या मतानुसार ती ‘व्हेटुस’वरूनच आली : जे जनावर वर्षाचे होऊन पुढे गेले, म्हणजे कामाला जुंपण्याजोगे झाले, ते ‘व्हेटेरिनुस’. दुसरे मत प्राचीन रोमन व्युत्पत्तिकारांचे आहे. त्यांनी हा शब्द ‘व्हेहेरे’, म्हणजे वाहणे, या क्रियापदावरून लावला, आणि हे क्रियापद संस्कृत ‘वह्’ धातूचे, म्हणून मराठी ‘वाहणे’ व ‘वाहन’ यांचे, सख्खे नातलग आहे. अर्थाच्या दृष्टीने दुसरे मत चटकन पटते, परंतु ध्वनिबदलांचे नियम पाहता पहिल्याचेच पारडे जड आहे. जनावराची योग्यता त्याच्या वयावरून ठरवण्याची पद्धत कोकणातील शेतकऱ्याला नवी नाही. दावणीचा पाडा ‘दोन दाती’ झाला की ‘चार दाती’, हे तो ओठ वर करून पुढचे दात पाहूनच सांगतो, कारण कायमच्या दातांची पहिली जोडी साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या वयात येते आणि त्याच सुमारास पाडा जोताला धरण्याचा विचार सुरू होतो.

पहिल्या शतकातील शेतीविषयक लेखक कोल्युमेला याच्या लेखनात ‘व्हेटेरिनारिउस’ हा शब्द जनावरांचा वैद्य या अर्थाने आढळतो. रोमन छावणीत आजारी जनावरांसाठी राखलेल्या जागेला ‘व्हेटेरिनारिउम’ म्हणत. ग्रीकमध्ये घोड्यांच्या वैद्याला ‘हिप्पिआत्रोस’ म्हणत. त्याचे अरबीत ‘बैतार’ झाले आणि अरबीतून ते पोर्तुगीजमध्ये ‘अल्वैतार’ म्हणून गेले. भारतात या विद्येचा आद्य पुरुष शालिहोत्र मानला जातो. अश्वविद्येला त्याचेच नाव मिळाले, आणि ब्रिटिशकालीन देशी घोडदळात घोड्यांवर उपचार करणाऱ्या हिंदी माणसाला ‘सलोत्री’ म्हणत, तेही त्याच नावावरून. हत्तींच्या वैद्यकाचा ‘हस्त्यायुर्वेद’ पालकाप्याच्या नावावर असून पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ मध्ये छापला. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखातील ‘मनुसचिकीछा’ आणि ‘पसुचिकीछा’ ही जोडी तर सर्वांना ठाऊक असावी अशीच आहे : माणसांची आणि जनावरांची चिकित्सा तेथे एका वाक्यात, एका मानाने उल्लेखिली आहे. कोकण किनाऱ्यावर सोपारा येथे अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले, परंतु ते आठव्या व नवव्या लेखांचे आहेत.

आधुनिक अर्थाने पशुवैद्यकाची पहिली शाळा क्लोद बुर्जला यांनी १७६१-६२ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे काढली. लंडनची १७९१ मधली. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी ते पुढे जोडलेले होते आणि २००० नंतर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. ‘व्हेटरन’ हा शब्दही दापोलीला परका नाही. १८१८ नंतर दापोली हे दक्षिण कोकणातील लष्करी ठाणे होते, आणि नियमित पलटणी हलवल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे जुन्या सैनिकांची ‘व्हेटरन बटालियन’ ठेवलेली होती.

रोगांची मराठी नावे बहुतेक पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी ठेवलेली आहेत, आणि ती नेमकी आहेत. ‘लाळखुरकुत’ या नावात तोंडातून गळणारी लाळ आणि खुरांच्या बेचक्यातील जखमा ही दोन्ही मुख्य लक्षणे येतात. ‘फऱ्या’ रोगात जनावराच्या फऱ्यावर, म्हणजे मांडीच्या वा खांद्याच्या मांसल भागावर, सूज येते. तेथे बोटांनी दाबले की कातडीखाली वायू साठल्यामुळे चरचर असा आवाज येतो, आणि जनावर त्या पायाने लंगडते. ‘बुळकांडी’ हा गुरांना पाण्यासारखी हगवण लावून गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग होता. तो २०११ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीच्या रोगानंतर असे निर्मूलन झालेला हा दुसराच रोग. मात्र सर्वांत जास्त घोटाळा ‘घटसर्प’ या नावाने होतो. लहान मुलांना डांग्या खोकला व धनुर्वात यांच्याबरोबर ज्याची लस देतात तो घटसर्प, आणि पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना ज्याची लस टोचतात तोही घटसर्प. दोन्हींत घसा धरतो व श्वास कोंडतो, म्हणून नाव एक पडले. परंतु त्यांचे जंतू अगदी वेगळे आहेत, आणि म्हशीच्या घटसर्पामुळे घरातील मुलाला घटसर्प होत नाही. जास्त पावसाच्या कोकणात ही लस पावसापूर्वी देण्याला फार महत्त्व आहे, त्यामुळे हा फरक गोठ्यावरच समजावून सांगणे हे गुरांच्या डॉक्टरांचे खरे काम ठरते. याच्या उलट गुरांची ‘फाशी’ आणि माणसाची ‘काळपुळी’ ही नावे दोन असली, तरी रोग एकच आहे. त्याचे पाश्चात्त्य नाव ‘अँथ्रॅक्स’ हे ग्रीकमधील कोळशावरून आले, कारण माणसाच्या कातडीवरील फोडाला काळी खपली धरते. मराठीतील ‘काळपुळी’नेही तोच काळा रंग टिपला आहे.

व्याण्याच्या वेळचे शब्द कोकणात अजून जसेच्या तसे चालतात : गाय ‘माजावर’ येते, ‘गाभण’ राहते, व्याल्यावर ‘वार’ पडते, ती वेळेत पडली नाही किंवा ‘मायांग’ (गर्भाशय) बाहेर आले की माणूस दवाखान्याकडे धावतो. झालेले वासरू ‘पाडा’ किंवा ‘पाडी’.

माणसाच्या वैद्यकाने जनावरांकडून घेतलेला सर्वांत मोठा शब्द ‘व्हॅक्सिन’ हा होय. लॅटिन ‘व्हाक्का’ म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईंच्या देवीतील द्रव टोचून माणसाला देवीपासून संरक्षण दिले, म्हणून हे नाव. पुढे लुई पाश्चर यांनी ते सर्वच रोगांच्या लशींना लावले. भारतातील पहिले असे लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर झाले. मराठीने गाय सोडून द्रवाला धरले. ‘लस’ म्हणजे फोडातून किंवा जखमेतून पाझरणारे पातळ द्रव्य.

जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगांना ग्रीक ‘झोऑन’ (प्राणी) आणि ‘नोसोस’ (रोग) यांवरून ‘झुनॉसिस’ म्हणतात. ही संज्ञा जर्मन वैद्य रुडॉल्फ व्हिर्को यांची; मराठीत ‘प्राणिजन्य आजार’ हा प्रतिशब्द रूढ होत आहे. २०१६ पासून सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग तालुक्यात, आढळलेला ‘माकडताप’ हा त्यांपैकीच एक. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, म्हणून शास्त्रीय व्यवहारात त्याला त्या जंगलाचे नाव आहे. लोकांनी मेलेली माकडे पाहून त्याला माकडताप म्हटले आणि ते नाव सोपेही आहे, परंतु त्यामुळे सारा संशय माकडावर जातो. माकडही या रोगाचा बळीच आहे. रोगाचे विषाणू माणसापर्यंत पोहोचवते ती गोचीड, आणि काजूच्या बागेत किंवा रानात पाचोळा गोळा करायला जाणाऱ्याने अंग झाकायचे व घरी परतल्यावर अंग तपासायचे ते तिच्यासाठी.