रात्रपाळीचा डबा आणि रक्तातली साखर

गळीत हंगामात चिकोडी-निपाणी पट्ट्यातले साखर कारखाने चोवीस तास चालतात. बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्र्या आणि वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांवरही रात्रपाळी असते. रात्रीची थ्री-फेज वीज आली की शेतकऱ्याला मोटर चालू करायला रानात जावं लागतं. यातले बरेच जण रात्री दोनच्या सुमारास डबा उघडतात. रक्तातल्या साखरेसाठी ही वेळ फार वाईट.

मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो शरीराचं वेळापत्रक ठरवतो. यकृत, स्वादुपिंड आणि स्नायू यांचीही आपापली घड्याळं असतात, पण त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचाही परिणाम होतो. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी सुटतं. म्हणून सकाळी सहज पचणारा भात मध्यरात्री तेवढाच खाल्ला तरी साखर जास्त चढवतो, आणि चढलेली साखर उशिरा उतरते.

कमी झोपेचा फटका याहून वेगळा. १९९९ मध्ये शिकागोत ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोप मिळाल्यानंतरच्या मोजमापाशी तुलना केली, तर रक्तातली साखर हटण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. झोप तुटली की संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढंच राहतं. रक्तात मेदाम्लं वाढतात आणि स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत. वर भूकही वाढते, तीही गोडाची. पाळी सुटल्यावर चहासोबत कुंदा खावासा वाटतो, त्यात जिभेचा दोष कमीच!

२०२१ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी रात्रपाळीची नक्कल करून पाहिली. रात्री जेवणाऱ्या गटाची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. जागरण तेवढंच, पण जेवण फक्त दिवसा, अशा गटात लक्षणीय वाढ दिसली नाही. पाळी बदलणं कामगाराच्या हातात नसतं. जेवणाची वेळ बऱ्याच अंशी असते. कँटीनमध्ये रात्री दोनला भात-आमटी वाढतात ती आपुलकीनेच, पण तोच स्वयंपाक पाळीआधी मिळाला तर बरं.

मुख्य जेवण संध्याकाळी सात-आठच्या दरम्यान करावं. मध्यरात्रीनंतर भूक लागलीच तर मूठभर फुटाणे, उकडलेलं अंडं किंवा ताक पुरे. दोन चमचे साखरेचे तीन चहा म्हणजे जवळपास ३० ग्रॅम साखर, हा हिशेब सहसा कुणी धरत नाही. कॅफिनचा अर्धा अंश उतरायला पाच-सहा तास लागतात. सकाळी आठला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री दोनपर्यंत उरकावा. घरी जाताना डोळ्यांवर काळा चष्मा, खोलीत जाड पडदा आणि फोन बंद. एवढं केल्याशिवाय दिवसा सलग झोप लागणं कठीण.

तपासणीतही एक घोळ होतो. दोनला डबा खाल्लेला माणूस सहाला पाळी सुटल्यावर थेट लॅबमध्ये जातो आणि ‘फास्टिंग’ देतो. त्याला उपाशीपोटी म्हणता येत नाही. किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. उलट, उपाशीपोटीची साखर १०० mg/dL च्या आत आली तरी निर्धास्त होऊ नये, कारण झोपेचा परिणाम अनेकदा जेवणानंतरच्या आकड्यात दिसतो. एचबीएवनसी ही रक्ततपासणी दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ती ५.७ ते ६.४ टक्के असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी मात्र रात्रीचं खाणं परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांकडून औषधाची वेळ आणि मात्रा बदलून घ्यावी. यंत्राजवळ हात थरथरले, दरदरून घाम फुटला तर काम थांबवून साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल किंवा ग्लुकोमीटर जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी.