रिकाम्या संगणकाची शक्ती फुकट असते का?

‘रिकाम्या संगणकाची शक्ती वैज्ञानिक संशोधनाला दिल्यास विजेचे बिल मुळीच वाढत नाही,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी हिशेब अपुरा आहे. रिकामा प्रोसेसर थोडी वीज घेतो. घरोघरच्या संगणकांची मोकळी शक्ती इंटरनेटवरून संशोधनाला जोडणाऱ्या बॉइंकसारख्या (BOINC) प्रणालीने त्याला आकडेमोड दिली की त्याची मागणी वाढते, आणि ही वाढ 100 वॉट धरली तर 10 तासांत 1 युनिट जास्त लागते.

खात्रीसाठी घरातली इतर उपकरणे बंद करून, मीटरवरचा दिवा 10 मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते आधी प्रणाली थांबवून आणि मग चालू ठेवून मोजावे. ही वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उतरते, म्हणून परभणी-नांदेडच्या चाळिशीपार उन्हाळ्यात सेटिंगमधून प्रोसेसरचा वापर निम्म्यावर आणावा आणि फक्त रात्रीची वेळ द्यावी, असे मी आवर्जून सुचवेन.